भीमराज म्हणे

आमच्या भिंतीतल्या कपाटाला दोन दारं आहेत. डावीकडच्या कप्प्यात माझ्या साड्या, साक्षीची दुपटी आणि बाळंतपणात आईने पाठवलेल्या तीन गोधड्या. नागसेनचा पहिला अल्बम या कप्प्यात तोंड घालून गायलेला आहे. आठ गाणी, आठही विडंबनं, एकूण सत्तावीस मिनिटं. कापडात तोंड घातलं की आवाज घुमत नाही, असं त्याला कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. घुमत नाही हे खरं. बाहेरून मात्र नवरा साड्यांशी भांडतोय असं दिसतं.

नागसेन महाळुंग्याला एका कंपनीत क्वालिटीत आहे. चार वर्षांपूर्वी खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, साहेबांचं भाषण झालं, आणि पेढे वाटेपर्यंत लोकांना धरून ठेवायचं म्हणून कुणीतरी त्याला पुढे ढकललं. त्याने हळदीच्या गाण्याच्या चालीवर कॅन्टीनच्या चहाला हळद लावली. लोक इतके हसले की पुढच्या वर्षी साहेबांनी भाषणच आखूड केलं. तेव्हापासून कुणाची हळद असो, कुणाचा निरोप समारंभ असो, त्याला बोलावणं येतं. अल्बम काढायचं ठरलं तेव्हा मला सातवा महिना होता. "मूल आलं की काही होत नाही म्हणतात," तो म्हणाला, "आधीच उरकून टाकू." उरकला तो मूल आठ महिन्यांचं झाल्यावर.

सिनेमाच्या चाली घ्यायच्या नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरलं. त्याच्या एका मित्राचा व्हिडिओ तसल्या चालीमुळे दोन दिवसांत गायब झाला होता. म्हणून मालक नसलेल्या चाली शोधल्या. हळदीची, जात्यावरची, भोंडल्याची, वासुदेवाची. शब्द आम्ही दोघं मिळून करायचो. म्हणजे तो दोन ओळी म्हणायचा आणि मी भाकरी थापता थापता त्यातली एक बदलायची. ओव्हरटाइम नाकारणाऱ्या माणसाची ओवी माझी आहे. कुठे सांगायला जात नाही, पण आहे माझी.

गायचं कधी, हा खरा प्रश्न. कुरुळीत आमचं घर हायवेपासून फार लांब नाही. त्यात साक्षी. पण नागसेनची सेकंड शिफ्ट असली की सकाळी दहा ते बारा तो घरी असायचा, आणि त्या दोन तासांत अण्णा साक्षीला घेऊन खाली जायचे. अण्णा म्हणजे माझे सासरे. घरमालकीण अंबुबाईंच्या अंगणात शेवग्याखाली एक गाय बांधलेली असते. जमिनी कंपन्यांत गेल्या, गोठा गेला, ही एक राहिली. साक्षीला ती गाय दिसली की ती रडायचं विसरते. अण्णा बाजेवर बसून तिला गायीची शेपटी दाखवायचे, अंबुबाई शेंगा सोलत बसायच्या, आणि वर माझा नवरा कपाटात गायचा.

"कारभारी न्हाई वाटतं कामाला गेले," अंबुबाई मला विचारायच्या.

"दुपारी जाणार. आत्ता गाणं चाललंय."

"त्ये हाय व्हय. मला वाटलं पाण्याची मोटार लागली."

अण्णा यावर हसायचे, पण गाण्यांबद्दल विचारायचे नाहीत. "झालं की ऐकेन," एवढंच म्हणायचे. सांगायचं हे की अल्बममधलं एकही गाणं त्यांनी ऐकलं नव्हतं, कारण प्रत्येक गाण्याच्या वेळी ते आमच्या पोरीला गप्प ठेवत होते.

सात गाणी झाली. आठवं सुचेना. त्याच दिवसांत एका सकाळी साक्षीला खांद्यावर टाकून मी झोपवत होते, आणि अण्णांचं गाणं गुणगुणत होते.

इथे अण्णांबद्दल सांगायला हवं. त्यांचं नाव भीमराज. पिंपरीच्या एका कंपनीतून रिटायर झाले, पण तिकडच्या वस्त्यांत त्यांना कुणी कंपनीमुळे ओळखत नाही. त्यांची गायन पार्टी होती. पेटीवर अण्णा, ढोलकीवर साहेबराव, मागे चौघांचा कोरस. जयंतीला, नामकरणाला, गेलेल्या माणसाच्या पुण्यानुमोदनाला त्यांना बोलावणं असायचं. गाजलेली चाल घ्यायची आणि तिच्यावर बाबासाहेबांचं गाणं बसवायचं, अशी रीत. शंभरावर गाणी त्यांनी अशी लिहिली. एकाच गाण्याची चाल त्यांची स्वतःची, आणि ते गाणं त्यांच्या आईवर आहे, केसरबाईंवर. केसरबाई मोशीच्या खाणीवर खडीच्या पाट्या वाहायच्या. शाळेला निघालेले अण्णा तेवढा रस्ता तिच्या मागे मागे, पाटीच्या सावलीतून चालायचे.

माये, तुझ्या पाटीची सावली डोक्यावर,
चालत आलो उन्हातून शाळेच्या पायरीवर.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या माहेरात गाणं वगैरे काही नव्हतं. हे गाणं मी याच घरात, अण्णांच्या तोंडून ऐकून शिकले. साक्षी याच्यावरच झोपते. पण ती चाळीस-चाळीस मिनिटं झोपत नाही, आणि मग माणूस कंटाळून शब्द बदलायला लागतो. त्या सकाळी मी बाल्कनीतून खाली बघत होते. फर्स्ट शिफ्टला उशीर झालेली कुणाची तरी बस चालली होती, आणि खिडकीला डोकं टेकून एक जण गाढ झोपलेला. नागसेनही असाच झोपतो. त्याच्या कपाळावर खिडकीच्या चौकटीची रेघ उमटलेली असते.

राया, तुझ्या बसची खिडकी डोक्यावर,
झोपत आलास खड्ड्यांतून चाकणच्या चौकावर.

दोन-चार दिवसांत पूर्ण गाणं झालं. साक्षी झोपत नव्हती म्हणून झालं. नागसेन एकदा न्हाणीघरातून तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आला. "हे काय होतं?"

"काही नाही. हिला झोपवतेय."

"परत म्हण."

मी म्हटलं. तो साबण पुसत खाली बसला. "आठवं गाणं मिळालं राव," म्हणाला. "आणि हे तू गायचंस. बाईच्याच तोंडी आहे."

"अण्णांना विचारायला हवं."

"विचारू ना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता अण्णा साक्षीला घेऊन खाली गेले, मी कपाटात तोंड घातलं आणि तीन वेळा गायले. तिसऱ्या वेळचं घेतलं.

मला वाटलं त्याने विचारलं. त्याला वाटलं मी विचारलं, कारण अण्णांशी दिवसभर बोलणारी मी. हे आम्हांला कळलं ते अल्बम आला त्या गुरुवारी.

गुरुवार मुद्दाम निवडला होता. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणजे लोक निवांत ऐकतील. सकाळी सहालाच अल्बम गाण्यांच्या सगळ्या अ‍ॅपवर दिसायला लागला. नागसेनचा फोन वाजत होता. अण्णा घरी नव्हते. साहेबरावांच्या नातवाचं नामकरण होतं, म्हणून ते आदल्या दिवशीच पिंपरीला गेले होते. मी साक्षीला पाजत बसले, एका कानात इअरफोन घातला आणि पहिल्यापासून ऐकायला लागले. सात गाणी झाली, माझं गाणं लागलं. स्वतःचा आवाज ऐकायला कसंसंच वाटत होतं. मग शेवटचं कडवं आलं.

भीमराज म्हणे, राया, खाली उतरून सांग,
तुझ्या बसच्या पुढे किती कंटेनरची रांग.

मी ते परत ऐकलं. मग आणखी एकदा.

गायन पार्टीत शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. गाणं कुणाचं हे त्या नावावरून ठरतं. मग ते कुणीही गावो, नाव हलवायचं नाही. अण्णांच्या मूळ गाण्याचा शेवट आहे, 'भीमराज म्हणे, माये, मागे वळून सांग, तुझ्या पाटीमागे किती अक्षरांची रांग.' माय, पाटी, शाळा, सगळं मी बदललं आणि ते पहिले दोन शब्द तसेच ठेवले. मुद्दाम नाही. माझ्या कानाला ते नाव वाटतच नव्हतं, कडव्याची सुरुवात वाटत होती. साडेतीन वर्षं ते गाणं असंच कानावर पडलेलं.

"नागसेन," मी हाक मारली. "शेवटचं कडवं ऐकलंस का तू?"

"शंभरदा."

"त्यात अण्णांचं नाव आहे."

त्याने फोन कानाला लावून ते कडवं परत ऐकलं. "च्यायला," म्हणाला. "लहानपणापासून ऐकतोय ना मी ते. नाव आहे हेच डोक्यात येत नाही." मग माझ्याकडे वळला. "पण अण्णा काय म्हणाले, तू विचारलंस तेव्हा?"

"मी? तू विचारलंस ना?"

साक्षी मधे पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती.

सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती. गाण्याच्या एका सामन्यात समोरच्या पार्टीने अण्णांचं गाणं म्हटलं आणि शेवटी भीमराजच्या जागी आपल्या कवीचं नाव घातलं. अण्णा काही बोलले नाहीत. पेटी बंद केली, स्टेजवरून उतरले, आणि ती पेटी दोन वर्षं उघडली नाही. बायको, पोरं, साहेबराव, सगळ्यांनी विनवून झालं. दोन वर्षं घरात गाणं नाही.

आणि मी काय केलं होतं? त्यांच्या आईच्या पाटीच्या जागी बसची खिडकी बसवली होती, आणि खाली त्यांची सही केली होती.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी ऐकून घेतलं असतं. मला भीती गप्प बसण्याची होती. अण्णा सकाळी साक्षीला तेल लावतात तेव्हा गातात. गाय दाखवताना गातात. माझ्या बाळंतपणानंतरचे वाईट दिवस, जेव्हा मला उठावंसंच वाटायचं नाही, ते या बारीक गाण्याच्या आवाजावर निघाले, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. ते गाणं माझ्यामुळे बंद झालं तर काय, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

नागसेनने फोन लावला. अण्णांनी उचलला नाही. कार्यक्रमात फोन पिशवीत ठेवतात ते. "काढून टाकतो गाणं," तो म्हणाला. काढायची सोय शोधली तर तिथे लिहिलेलं, दोन ते पाच दिवस लागतील. तेवढ्यात त्याच्या मित्रांचे मेसेज यायला लागले. सगळ्यांना तेच गाणं आवडलं होतं. वहिनींना सांग, एक नंबर. आमच्या बसमध्ये लावलंय. एकाने विचारलं होतं, भीमराज कोण?

अण्णा दुपारी तीनला आले. जिन्यात त्यांची चप्पल वाजली तशी मी साक्षीला उचलून घेतलं, जशी काही ढाल. ते आत आले, पाणी प्यायले, पोरीला घेतलं नाही. खुर्चीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अण्णा घरी आल्यावर साक्षीला घेतात, मग पाणी पितात. हे उलटं झालं तेव्हाच मला कळलं की त्यांनी ऐकलं.

"अण्णा," मी सुरुवात केली.

"थांब," ते म्हणाले. "मला बोलू दे. आधी मला बोलू दे, नाहीतर राहून जाईल." ते टोपीकडे बघत होते. "सकाळी नामकरण उरकल्यावर साहेबरावच्या पुतण्याने फोनवर गाणं लावलं. नागसेनचं आहे म्हणाला. पंचवीस-तीस माणसं होती. बसचं गाणं लागलं. चाल ऐकली आणि मी म्हटलं, ही तर माझी."

नागसेन दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"लोक हसायला लागले. बायका तर पदर तोंडात घालून. आणि मग शेवटी माझं नाव आलं." अण्णांनी टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली. "साहेबराव उठून माझ्याजवळ आला. म्हणतो, भीमा, चाळीस वर्षं तुझ्या गाण्यावर लोकांना रडताना बघितलं, हसताना आज बघितलं. म्हातारपणी बरं सुचायला लागलं तुला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"आम्ही काढून टाकतो, अण्णा," मी म्हटलं. "मला माहीतच नव्हतं की ते नाव…"

"मी काही बोललो नाही," अण्णा म्हणाले. "ऐकतेस का? मी गप्प बसलो. टाळ्या घेतल्या. वर साहेबरावला म्हणालो, सुचतं कधी कधी. असं म्हणालो मी."

मी साक्षीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"दुसऱ्याच्या शब्दांवर आपलं नाव लावणाऱ्याचं तोंड पुन्हा बघितलं नव्हतं मी," ते म्हणाले. "आणि आज मीच तो. ते शब्द माझे नाहीत, हे मला पहिल्या ओळीला कळलं. नागसेनचेही नाहीत. त्याला माझी 'रांग' अशी वळवता यायची नाही."

"बरोबर आहे," नागसेन दारातून म्हणाला.

"हे तुझे आहेत, मिनल. येताना बसमध्ये सबंध रस्ता मी हाच विचार करत आलो, की पोरीला तोंड कसं दाखवू."

म्हणजे ते पिंपरीहून येताना माझ्यासमोर यायला घाबरत होते, आणि मी इथे त्यांच्यासमोर जायला. मला एकदम हसू आलं आणि मागोमाग डोळे भरून आले, आणि साक्षीने माझा चेहरा बघून आधी ओठ काढला, मग विचार बदलला. अण्णांनी हात पुढे केले. ती त्यांच्याकडे गेली.

"पण केसरबाईंचं गाणं होतं ते," मी म्हटलं. "त्याची थट्टा केली मी. तुम्हांला वाईट नाही वाटलं?"

अण्णांनी साक्षीला मांडीवर नीट बसवलं. "वाटलं असतं," म्हणाले मग. "पहिल्या ओळीला वाटलंच. पण माय कशी होती तुला ठाऊक नाही. खाणीवर दुपारची भाकरी खाताना ती मुकादमाची नक्कल करायची. त्याची चाल, त्याचं थुंकणं. बायका लोळायच्या हसून. गाण्यात मी तिला नुसती पाटी वाहायला लावली. हसवणारी माय माझ्या गाण्यात आलीच नाही, चाळीस वर्षांत." साक्षीने त्यांचा चष्मा ओढला, तो त्यांनी ओढू दिला. "आम्ही तरी काय केलं? जन्मभर दुसऱ्यांच्या चालीवर आपले शब्द. माझ्या चालीवर कुणी शब्द बसवावेत असं आज पहिल्यांदा झालं. चाल चांगली असल्याशिवाय कुणी बसवत नाही."

मग त्यांनी नागसेनला माळ्यावरून पेटी काढायला सांगितली, आणि तो काढेपर्यंत साहेबरावांना फोन लावला, स्पीकरवर.

"साहेबराव, जय भीम. सकाळचं गाणं माझं नाही."

"जय भीम. ठाऊक हाय," पलीकडून आवाज आला. "तुला कुठलं एवढं सुचतंय."

"मग टाळ्या का वाजवल्यास?"

"तू किती वेळ गप बसतोस बघत होतो. चार तास बसलास की राव. सूनबाईंचं ना?"

"तिचंच."

"मग तिला माझा जय भीम सांग. आणि सांग, तिसऱ्या कडव्यात ढोलकीला जागा ठेवलीय, पण ढोलकी कुठंय?"

फोन ठेवल्यावर अण्णांनी भाता हलवला. पेटीतून आधी धूळ आली, मग सूर. "नाव घाल," ते मला म्हणाले. "ज्याचे शब्द त्याचं नाव."

मी म्हणून बघितलं. 'मिनल म्हणे, राया.' तोकडं पडत होतं. चपलेत बोटं पुढे आल्यासारखं. 'साक्षीची आई म्हणे' सैल झालं. नागसेन म्हणाला, 'नागसेनची बायको म्हणे', आणि अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा ठेवायला निघून गेला.

अण्णा मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होते. दोनदा मोजल्या.

"मिनलबाई," म्हणाले. "मिनलबाई म्हणे, राया, खाली उतरून सांग. बसतंय बघ."

"बाई?" स्वयंपाकघरातून नागसेन म्हणाला. "सत्तावीस वर्षांची आहे ती, अण्णा."

"केसरबाईपण तेवढीच होती खाणीवर," अण्णा म्हणाले. "बसतंय."

सोमवारी सकाळी दहाला आम्ही ते गाणं पुन्हा केलं. नागसेनने तोवर चौकशी करून ठेवली होती, नवीन गाणं चढवलं की जुनं आठवड्याभरात निघतं. या वेळी अण्णा खाली गेले नाहीत. पेटी कपाटासमोर, अण्णा सतरंजीवर, साहेबराव ढोलकी घेऊन दरवाज्याला पाठ लावून, आणि मी साड्यांत तोंड घालून. साक्षीला अंबुबाईंकडे दिलं होतं. दोन वेळा छान झालं, पण तिसऱ्या कडव्याला खालून ती जोरात ओरडायची. नाराजीचं नाही, खुशीचं. गाय बहुतेक तोंड वर करत असावी.

"ऱ्हाऊ द्या तसंच," साहेबराव म्हणाले. "कोरस कमीच हाय आपल्याकडं."

मग ते तसंच राहिलं. ऐकलंत तर कळेल, तिसऱ्या कडव्यानंतर ढोलकी थांबते आणि लांबून एक किंकाळी येते. ती माझी मुलगी. आणि त्याच्यानंतर एक बाई स्वतःचं नाव घेते. ते म्हणताना माझा आवाज किंचित हललाय. अण्णा म्हणाले, हलू दे, पहिल्यांदा सगळ्यांचा हलतो.

नागसेन दीडला बसने गेला. साहेबराव जेवून गेले. अंबुबाई साक्षीला घेऊन वर आल्या आणि तिला माझ्या मांडीवर ठेवत म्हणाल्या, "आज मोटार चांगली चालली व्हती की."

"आज मी होते, अंबुबाई."

"तरीच," त्या म्हणाल्या. "पाणी आल्यागत वाटलं."

पलीकडच्या खोलीत अण्णा पेटी पुसत होते आणि बारीक आवाजात बसचं गाणं म्हणत होते. पाटीचं नाही, बसचं. मी साक्षीला कुशीत घेऊन गादीवर टेकले. तिला झोपवायला दोन ओळी म्हटल्या, चाकणच्या चौकापर्यंत आले असेन. पुढचं आठवत नाही. जागी झाले तेव्हा चार वाजले होते, अंगावर कुणीतरी गोधडी घातली होती, आणि साक्षी माझ्या शेजारी टक्क जागी बसून इअरफोनची वायर चघळत होती.